बिनडोळ्याचे कंद

आपला स्वभाव मत्सरी नाही, असं तिकीटबाईंचं स्वतःविषयी ठाम मत होतं. इतकं ठाम की ते त्या रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. "मला बाई कुणाचा हेवा नाही," अशी सुरुवात व्हायची, आणि मग ज्याचा हेवा नाही त्याच्याबद्दलच चहा गार होईपर्यंत बोलणं चालायचं.

तिकीटबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. बसस्थानकाच्या खिडकीत बसून त्यांनी उभी हयात तिकिटं दिली, म्हणून सगळं गाव त्यांना तसं म्हणे, आणि त्या निवृत्त झाल्या तरी नाव काही निवृत्त झालं नाही. त्या खिडकीनं त्यांना खणखणीत आवाज दिला, आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते आपल्याला कळलंच, असं समजायची खोडही दिली. बऱ्याचदा ते कळलेलं नसायचं. राग आला की त्या बोलणंच थांबवत. घरात त्याला 'खिडकी बंद' म्हणत. त्यांच्या यजमानांचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. "गावातलं कुठलंही कुलूप उघडतो मी," ते गिऱ्हाइकांना सांगत, "पण घरची खिडकी बंद झाली ना, की माझ्याकडे किल्ली नाही."

घरामागं परसात बाग होती, आणि बाईंचा जीव त्या बागेत होता. खरं सांगायचं तर अर्धा बागेत आणि अर्धा एकुलत्या एका लेकीत. त्या लेकीला घरात ठकी म्हणत. आता ती इस्पितळात एक्स-रे काढायच्या खोलीत कामाला होती, चांगली पगारदार बाई होती, पण माहेरी ती ठकीच.

त्या गावची थंडी मोठी दगाबाज. काल संध्याकाळी बाग टवटवीत असायची आणि आज पहाटे दव गोठून गवत पांढरंफटक, डेलियाची पानं उकडल्यासारखी काळी. ते दिसलं, की त्याच्या पुढचा रविवार बाग निजवायचा. हा शब्द ठकीचाच. लहानपणी तिनं विचारलं होतं, "आपण पांघरूण घालतोय म्हणजे बागेला निजवतोय ना गं?" तेव्हापासून घरात तोच शब्द रुळला. त्या रविवारी मायलेकी सकाळपासून परसात. गुलाबांच्या बुंध्याशी माती चढवायची, वर पालापाचोळा, त्यावर गोणपाट. पाण्याची नळी रिकामी करून गुंडाळायची, नाहीतर आतलं पाणी गोठून ती फुटते. नाजूक कुंड्या जिन्याखाली. खुरपी, कात्र्या घासूनपुसून त्यांना तेल. आणि सगळ्यात शेवटी, हात धुवून पूजेला बसावं तशा, त्या डेलियाचे कंद काढायला बसायच्या.

हा डेलिया साधासुधा नव्हता. रंग पिकल्या जांभळाचा, फूल ताटलीएवढं. फार वर्षांपूर्वी एका बाईची शेवटची बस चुकली होती. तिकीटबाईंनी तिला आधी वेळेवर न आल्याबद्दल झापलं आणि मग घरी नेऊन जेवू घालून निजवलं. तिनं आठवण म्हणून पुढं एका पार्सलात कंद पाठवले. गावात दुसऱ्या कुणाकडे तो रंग नव्हता, आणि बाईंनी तो दुसऱ्या कुणाकडे जाऊही दिला नव्हता. शेजारीण मागून मागून दमली. "देईन हो, यंदा गड्डाच लहान आहे," हे उत्तर बाईंनी तिला इतक्यांदा दिलं होतं की शेजारणीनं नंतर ते स्वतःच म्हणायला सुरुवात केली.

आता कंद म्हणजे काय ते सांगायला हवं. डेलियाचा गड्डा उपटला की खाली रताळ्यांसारखा कंदांचा घोस निघतो. ते सुटे करून ठेवले की एकाची अनेक झाडं होतात. पण प्रत्येक कंदाबरोबर जुन्या दांड्याचा तुकडा यावा लागतो, कारण तिथंच, मानेच्या सांध्यावर, टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा असतो. तो डोळा. कोंब फुटतो तो तिथूनच. मान तुटली, डोळा राहिला, तर कंद कितीही गुबगुबीत असो, मातीत नुसता बसून राहतो आणि कुजतो. थंडीच्या तोंडावर तर तो डोळा इतका बारीक असतो की नवख्याला दिसतच नाही. बाईंनी ठकीला मुळाक्षरं शिकवायच्या आधी डोळा शोधायला शिकवलं होतं. बिनडोळ्याच्या कंदांना त्या आंधळे म्हणत आणि सरळ खताच्या खड्ड्यात टाकत.

तर यंदा उन्हाळ्यात ठकीचं लग्न झालं. सासर त्याच गावात, नदीपलीकडे. जावई शांत, घर नीटनेटकं, कुठं बोट ठेवायला जागा नाही. आणि तिथंच तर पंचाईत होती. बाईंना बोट ठेवायचं होतं.

विहीणबाईंचं बाजारात लोकरीचं दुकान होतं. मऊ बोलायच्या, मऊ हसायच्या, आवाज कधी चढायचा नाही. "गोगलगाय नि पोटात पाय," तिकीटबाई म्हणाल्या. कुलूपवाले यजमान म्हणाले, "अगं, काय वाईट केलंय त्यांनी तुझं?" बाई म्हणाल्या, "तेच तर! एवढी गोड बाई मी जन्मात पाहिली नाही. काहीतरी असणारच."

मग लग्नानंतर पहिल्यांदा गारठा पडला आणि ठकी माहेरी आली ती स्वेटर घालून. मोरपंखी रंगाचा, गळ्याशी बारीक जाळी, बाह्या अगदी मनगटावर येऊन थांबलेल्या.

"कुठून घेतलास?" बाईंनी विचारलं. उत्तर माहीत होतं तरी विचारलं.

"घेतला नाही गं. अहो आईंनी विणला. बघ ना किती ऊबदार आहे."

अहो आई! सासूला अहो आई म्हणतात हे काय बाईंना ठाऊक नव्हतं? त्यांनी स्वतःच्या सासूला तेच म्हटलं होतं. पण दुसऱ्याच्या लेकीनं म्हणणं वेगळं आणि आपल्या लेकीनं म्हणणं वेगळं. त्यांनीही एकदा ठकीला स्वेटर विणला होता. त्याची एक बाही दुसरीपेक्षा चांगली लांब झाली होती आणि ठकी शाळेत तो हात खिशात घालून फिरायची. "छान आहे," बाई म्हणाल्या, "फक्त रंग जरा भडक वाटतो." त्या रात्री त्यांनी कुलूपवाल्यांच्या पानात भाजी वाढताना डाव असा आपटला की ते दचकले. वड्याचं तेल वांग्यावर निघतंय हे त्यांना कळलं, पण ते वांग्यासारखेच गप्प राहिले.

आणि मग तो फोन आला. दव गोठलं होतं, डेलिया काळा पडला होता, बाईंनी शनिवारीच गोणपाटं उन्हात टाकली होती, तेल काढून ठेवलं होतं, ठकीचे जुने कपडेसुद्धा धुवून ठेवले होते.

"आई, उद्या नाही गं जमणार. अहो आईंचे गुलाब निजवायचेत. त्यांना एकटीला होत नाही, आणि त्यांनी उद्याचंच ठरवलंय. मी ना..."

पुढचं बाईंनी ऐकलंच नाही. निजवायचेत! आमच्या घरचा शब्दसुद्धा नेला उचलून! "बरं," म्हणाल्या आणि फोन ठेवला. खिडकी बंद.

रविवारी त्यांनी एकटीनं बाग निजवली. म्हणजे कुलूपवाले होते मदतीला, पण त्यांची मदत म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्यांनी गुलाबाला गोणपाट बांधलं ते अशा गाठींनी की चोराला चोरता येऊ नये. "थांबू या का," ते एकदा म्हणाले, "पोरगी येईल की सवडीनं." बाईंनी खणायचा काटा जमिनीत असा खुपसला की ते पुन्हा बोलले नाहीत. उन्हं कलेपर्यंत सगळं उरकलं. गड्डे निथळले, राख लागली, भुशाच्या खोक्यात गेले. दर वर्षी हे काम झालं की बाईंना बरं वाटायचं. यंदा कंबर तेवढी दुखली.

बुधवारी सकाळी ठकी दारात उभी. मोरपंखी स्वेटरखाली जुनी मळकी विजार. परसात गेली आणि थबकली.

"अगं, सगळं उरकलंससुद्धा? मी रजा काढून आले ना! फोनवर सांगत होते, तर तू ठेवूनच दिलास."

आता कुणालाही वाटेल की बाईंचं मन विरघळलं असेल. थोडं विरघळलंही. पण राग एकदा तापला की माणसाला थंड व्हायची लाज वाटते. "कुणावाचून काही अडत नाही," त्या म्हणाल्या. "तिकडचे गुलाब निजले ना नीट? मग झालं."

थोडा वेळ ठकी गुंडाळलेल्या गुलाबांकडे बघत राहिली, मग घरात येऊन आईजवळ ओट्याशी उभी राहिली. कपाळावरची बट मागं सारत, जरा चाचरत म्हणाली, "आई, एक विचारू? आपल्या डेलियाचे दोन-चार कंद देशील? अहो आई म्हणत होत्या..."

बस. तेवढंच ऐकायचं बाकी होतं. लेक नेली, रविवार नेला, शब्द नेला, आता डेलियाही! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. पण खिडकीत बसून त्या एक गोष्ट शिकल्या होत्या: तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. "देते की," त्या म्हणाल्या, "त्यात काय एवढं. बाबांशी बोल तू, मी काढून आणते."

परसातल्या खोपटात त्यांनी भुशाचं खोकं ओढलं. रविवारी गड्डे काढताना काही कंदांच्या माना तुटल्या होत्या, घाईत, रागात. ते अजून कोपऱ्यात टोपलीत पडले होते, खड्ड्यात टाकायचे राहिले होते. बाईंनी टोपलीकडे पाहिलं, मग खोक्याकडे, मग पुन्हा टोपलीकडे. त्यांनी स्वतःशी वाद घातला असेल असं कुणी समजू नये. घातला नाही. टोपलीतले सगळ्यात जाडजूड, गुळगुळीत, देखणे कंद त्यांनी निवडले. दिले नाहीत असं कुणी म्हणायला नको, आणि नदीपलीकडे ते जांभळं फूल उमलायलाही नको. लावतील, पाणी घालतील, वाट बघतील. नाही उगवले, तर म्हणता येईल, तिकडची माती मानवली नाही. हा विचार मनात आला आणि बाईंना गेले कित्येक दिवस वाटलं नव्हतं इतकं छान वाटलं. अगदी छान. चपलेच्या रिकाम्या खोक्यात भुसा भरून त्यांनी कंद त्यात असे मांडले की दुकानात विकायला ठेवावेत.

ठकीनं खोकं उघडलं. एक कंद हातात घेऊन खिडकीच्या उजेडात फिरवला. मग दुसरा. मग दोन्ही जागेवर ठेवून झाकण लावलं.

"मस्त आहेत गं," ती म्हणाली.

चहा अर्धा ठेवून ती निघाली. हिला काही कळलं नाही, बाईंनी मनाशी म्हटलं. आता हिचं लक्ष असतं कुठं बागेत! लोकरीत गुरफटलीय पोरगी.

पुढचे काही दिवस बाई खुशीत होत्या. निदान तसं दाखवत तरी होत्या. मधेच त्या हात थांबवून कुठंतरी बघत बसायच्या, आणि कुलूपवाल्यांनी काय झालं विचारलं की म्हणायच्या, "काही नाही. मला बाई कुणाचा हेवा नाही." ते म्हणायचे, "अगं, मी कुठं काय म्हटलं?" खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही उगाच नाही.

आणि मग विहीणबाईंचाच फोन. "रविवारी दोघं जेवायला या ना. उन्हं आहेत तोवर बाग दाखवते. तुमच्यासारखी नाही हं, पण बघा तरी."

बाई गेल्या. न जाऊन करतात काय? जाताना चांगली शाल घेतली, आणि चष्मा पुसून घेतला. जेवण झाल्यावर जावयानं सासऱ्यांना एक कपाट दाखवलं, त्याचं कुलूप अडकलं होतं. ते तिथंच रमले. ठकी आत चहा करत होती. विहिणी दोघी अंगणात आल्या.

बाईंनी बाग तपासली. पाहिली म्हणत नाही मी, तपासली. गुलाबांना माती चढवलेली, पाला घातलेला, नळी गुंडाळून टांगलेली. एकूण एक काम ठकीच्या हातचं, म्हणजे बाईंच्याच पद्धतीचं. चूक सापडेना. आपलीच विद्या दुसऱ्याच्या अंगणात इतकी नीट मांडलेली बघून जीव आणखीच जळला.

भिंतीच्या कडेला, जिथं दिवसभर ऊन असतं, तिथं एक मोठा वाफा रिकामा होता. खणलेला, खत घालून वर पाचोळा पसरलेला.

"हा कशासाठी?" बाईंनी विचारलं.

"इथं माझे गुलाब होते," विहीणबाई म्हणाल्या. "काढून तिकडे सावलीत लावले. ही जागा तिच्यासाठी."

"कुणासाठी?"

"आपल्या ठकीसाठी हो. तुम्हाला सांगते, आल्यापासून ती संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. एकदा विचारलं, तर म्हणाली, आमच्याकडे आता डेलिया फुलला असेल. मग मीच म्हटलं, आईकडून दोन-चार कंद माग, इथं लावू. तर मागायलाच तयार नव्हती. म्हणे, आईचा जीव आहे त्यात. मीच बळंच पाठवली."

विहीणबाई बोलतच राहिल्या, आवाज आणखी खाली आणून.

"आणि बघा ना, काय झालं! तुमच्याकडून आली, त्या पायरीवर बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. म्हणे, आईनं इतका सुंदर गड्डा दिला होता, मीच कापताना घाई केली, सगळ्या माना तोडून ठेवल्या. आता एकही उगवायचा नाही. मी म्हटलं, अगं, पुन्हा माग. तर शपथच घातली, आईला सांगू नका, तिला वाईट वाटेल. मला राहवलं नाही म्हणून बोलले. तुम्ही तिला रागावू नका हं. हात बसलेला नाही पोरीचा अजून. शिकेल हळूहळू."

म्हणजे हिला कळलं होतं. खिडकीशी कंद फिरवून बघितला, तेव्हाच कळलं होतं. आणि तरी 'मस्त आहेत गं' म्हणाली, खोकं छातीशी धरून नदीपलीकडे आली, आणि आईचं पाप स्वतःच्या नावावर सांगून मोकळी झाली. बाई गप्प राहिल्या असत्या तर सगळं निभावलंही असतं, बरं का. घरी जाऊन चांगला गड्डा पाठवला असता, विहीणबाईंनी तोंड भरून कौतुक केलं असतं, आणि झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. बाईंच्या मनात ते आलंही. पण 'हात बसलेला नाही' हे शब्द त्यांच्या कानात शिरले आणि नाकाला मिरच्या झोंबाव्यात तशा बाई उसळल्या.

"कुणाचा हात बसलेला नाही? माझ्या ठकीचा? अहो, दुधाचे दात पडायच्या आधीपासून ती कंद कापतेय! तिच्या हातून मान तुटणं शक्य नाही. एकवेळ माझ्या हातून तुटेल, तिच्या नाही!"

"अहो पण, तीच म्हणाली..."

"खोटं बोलली ती. माझ्यासाठी. मी दिले तेच आंधळे होते. मुद्दाम दिले. निवडून निवडून दिले. तुमच्या अंगणात माझा डेलिया फुलायला नको होता मला, म्हणून दिले. ऐकलंत? आता काय म्हणायचं ते म्हणा."

हे सगळं तिकिटाच्या खिडकीतल्या आवाजात. पलीकडच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाईसुद्धा थांबून बघायला लागली. विहीणबाईंच्या चेहऱ्यावरचं मऊ हसू पहिल्यांदाच गेलं. त्यांनी पदर सारखा केला, जमिनीकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "माझ्या गुलाबांना काही घाई नव्हती."

"काय?"

"आणखी आठवडाभर थांबले असते. तो रविवार तुमचा असतो, हे ठकीनं मला आधीच सांगितलं होतं. सारखी सांगायची. आमच्याकडे आई असं करते, आमच्याकडे आई तसं करते. कान किटले माझे. म्हणून मी मुद्दाम तोच रविवार धरला. माझ्या घरात येऊनही ती तुमचीच होती. मला सोसलं नाही."

आता बोला! तिकीटबाईंना शेवटी बोट ठेवायला जागा सापडली होती, आणि बोट उचलायची ताकद राहिली नव्हती. गोगलगायीच्या पोटातले पाय दिसले, ते अगदी आपल्याच पायांसारखे.

मागं कपांचा आवाज झाला. ठकी दारात तबक घेऊन उभी होती. केव्हापासून, कोण जाणे.

"छान," ती म्हणाली. "एकीनं रविवार पळवला, एकीनं कंद. आणि खोटं कुणाला बोलावं लागलं? मला. इकडे येऊन तुझं झाकायचं, तिकडे जाऊन यांचं झाकायचं. तुम्हाला काय वाटलं, तो रविवार मुद्दाम धरलाय हे मला कळलं नव्हतं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय माझा उन्हाळ्यापासून. मला कुठं जायचंय, कुणाबरोबर काय करायचंय, हे एकीनं तरी विचारलंत का कधी?"

तबक पायरीवर ठेवून ती आत गेली. दोघी विहिणी एकदम दाराकडे वळल्या आणि उंबऱ्याशी अडकल्या. एरवी तिकीटबाईंनी कोपरानं वाट काढली असती. त्या बाजूला झाल्या. "तुम्ही जा," म्हणाल्या. ते म्हणताना त्यांच्या जिवाचं काय झालं ते त्यांचं त्यांना माहीत.

विहीणबाईंनी मान हलवली. "नाही. मला नंतरही येता येईल. तुम्ही जा."

स्वयंपाकघरात ठकी जेवणाची भांडी घासत होती, पाठमोरी, नळ जोरात सोडून. बाई शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. समोरच्याला काय हवंय ते न विचारता ओळखणारी बाई, आज स्वतःच्या लेकीपुढं मुकी.

"घरी चल," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळं खोकं तुझं. हवे तेवढे घे, सगळे घे."

"मला नकोत."

"ठके, चुकले मी. फसवलं तुला."

ठकीनं नळ बंद केला. तिच्या हाताला राख आणि साबण, त्यामुळं तिनं डोळे दंडाला पुसले, त्या मोरपंखी बाहीला.

"फसवलंस त्याचं काही नाही गं, आई. तू रागात होतीस, मला दिसत होतं. बाजारात कुणी असे कंद गळ्यात मारले असते तर मी हसले असते. पण तुला वाटलं की मला कळणार नाही. मला! तुझ्यासमोर खिडकीशी जाऊन एकेक कंद फिरवून बघितला मी. वाटलं, आता म्हणशील, थांब गं, चुकून भलतेच दिले. तू गप्प बसलीस. लग्न करून नदीपलीकडे काय आले, तुझ्या हिशेबी मी कुणीतरी परकी, बागेतलं काही न कळणारी बाई झाले?"

इतके दिवस बाई लेक कुणी नेली, कुणी नेली म्हणून जळत होत्या. लेकीला परकं करायचं काम तर त्यांनी स्वतःच, स्वतःच्या खोपटात बसून, अगदी खुशीनं केलं होतं. त्या खाली मान घालून रडायला लागल्या, आणि ते रडणं त्या खणखणीत आवाजाला मुळीच शोभत नव्हतं. मग ठकीनं कढई पुढं सरकवली.

"ही धरून ठेव," ती म्हणाली. "तळाला लागलीय, घासताना फिरते."

बाईंनी दोन्ही हातांनी कढई धरली.